डोक्यासकट खाल्लेला झिंगा आणि मोजणीतून निसटलेले धातू

नदीतला बारीक झिंगा सोलत बसण्याइतका मोठा नसतो. तो डोक्यासकट, कवचासकट शिजतो किंवा उन्हात वाळतो. प्रयोगशाळेत मात्र बऱ्याचदा शेपटीकडचे मांस वेगळे काढून तपासले जाते. नदीकाठची माणसे खातात एक आणि तपासले जाते दुसरेच, हे कसे घडत गेले ते समजायला सत्तर वर्षे मागे जावे लागते.

१ मे १९५६ रोजी जपानमधल्या मिनामाटा इथे अनाकलनीय मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. तिथला रासायनिक कारखाना १९३२ पासून पारा वापरून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवत होता आणि सांडपाणी खाडीत जात होते. ते समुद्राचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण १९६५ मध्ये तोच आजार निईगाता प्रांतात अगानो नदीच्या काठी आढळला, नदीतले मासे नेहमी खाणाऱ्या कुटुंबांत. जपानमधल्याच जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेले कॅडमियम पाटाच्या पाण्याने भातशेतीत पोचले होते. हाडे ठिसूळ होऊन माणसे कळवळत, म्हणून त्या आजाराला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे नाव पडले. १९६८ मध्ये सरकारने त्यामागे कॅडमियम असल्याचे मान्य केले.

इतका उशीर का लागला? एक अडचण मोजण्याची होती. शास्त्रज्ञ अ‍ॅलन वॉल्श यांनी अणुशोषण वर्णपटमापन पद्धत (अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून धातू मोजण्याची) १९५५ मध्ये मांडली. ती रुळल्यावरच अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू भराभर मोजता येऊ लागले. दुसरी अडचण समजुतीची होती: वाहते पाणी सगळे वाहून नेते. धातू कुजत नाहीत, विघटित होत नाहीत. ते मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. वरचे पाणी नितळ आणि तपासणीत ‘सुरक्षित’ असतानाही खालचा गाळ भरलेला असू शकतो. त्या गाळातले सूक्ष्मजीव साध्या पाऱ्याचे कितीतरी घातक अशा मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले.

झिंगा याच तळाशी राहतो. कुजलेला पाला, शेवाळ, मेलेले जीव हे त्याचे खाणे. त्याच्या शरीरात धातूंची वाटणी कशी होते, हा या विषयाचा गाभा आहे. तांबे त्याला लागतेच. आपल्या रक्तात लोह जे काम करते ते त्याच्या रक्तात हिमोसायनिन या प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनातले तांबे करते. त्यामुळे झिंग्यात तांबे सापडले एवढ्यावरून प्रदूषणाचा निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि ही चूक पुष्कळदा होते. तांबे व जस्त यांची पातळी त्याचे शरीर बऱ्याच अंशी सांभाळते. कॅडमियमचे तसे नाही. मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिने त्याला बांधून ठेवतात (ही प्रथिने १९५७ मध्ये प्रथम घोड्याच्या मूत्रपिंडात सापडली) आणि ते डोक्याच्या कवचाखालच्या पाचक ग्रंथीत साठत जाते. शिशाचे वागणे कॅल्शियमसारखे, म्हणून त्याचा बराच वाटा कवचात जातो; झिंगा कवच टाकतो तेव्हा त्यातले काही बाहेरही पडते. म्हणजे सोलणारा जे फेकतो, नेमके तेच अख्खा झिंगा खाणाऱ्याच्या पोटात जाते. पारा मात्र याला अपवाद. मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, तिथे सोलून उपयोग नाही. झिंगा अल्पायुषी आणि अन्नसाखळीत खालचा असल्याने त्याच्यात तो मोठ्या शिकारी माशांपेक्षा सहसा कमी असतो.

नियम बनले ते सोलून खाणाऱ्यांना समोर ठेवून. युरोपीय संघाची कवचधारी जलचरांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. ती पाय आणि पोटाकडच्या मांसाला लागू होते, डोक्याला नाही. वाळवलेल्या झिंग्यातले पाणी गेल्यामुळे तेवढ्याच वजनात धातू कितीतरी पटींनी जास्त भरतो, तरी आकडा ओल्या वजनाचा की सुक्या, हे अनेक अहवालांत शोधूनही सापडत नाही.

माणूस किती खातो, हाही अंदाजच होता. अमेरिकेत पाण्यात किती दूषण चालेल याचे निकष ठरवताना मासे आणि कवचधारी जलचर मिळून दिवसाला ६.५ ग्रॅम खाल्ले जातात असे धरले होते. १९९४ मध्ये कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या चार आदिवासी जमातींच्या संघटनेने आपल्या लोकांना विचारून पाहणी केली. प्रौढांची सरासरी निघाली दिवसाला ५८.७ ग्रॅम, म्हणजे नऊपट. २०११ मध्ये ऑरेगन राज्याने निकषासाठी दिवसाला १७५ ग्रॅम हा आकडा स्वीकारला. शिशाबाबत तर आधार आणखी सरकला: जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शिशाची जुनी ‘सहन होणारी’ साप्ताहिक मात्रा मागे घेतली, कारण तेवढ्या मात्रेतही मुलांची बुद्धी आणि मोठ्यांचा रक्तदाब यांवर परिणाम दिसत होता.

दूषण मान्य झाल्यावर पहिला बोजा पडतो तो खाणाऱ्यांवरच. कॅनडातल्या ग्रासी नॅरोज इथल्या आदिवासींच्या नदीत १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ-दहा टन पारा सोडला गेला. १९७० मध्ये व्यावसायिक मासेमारी बंद झाली, तिच्यासोबत रोजगार गेला आणि रोजचे अन्नही संशयाचे झाले. नदीच्या सफाईसाठी ओंटारिओ प्रांताच्या सरकारने ८.५ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले ते २०१७ मध्ये.