सुंग नाणी

सुंग नाणी : मधोमध चौकोनी भोक असलेली, काशाची ओतीव चिनी नाणी. सुंग राजवटीच्या उत्तर सुंग (960–1127) व दक्षिण सुंग (1127–1279) या दोन्ही काळांत ती निघाली. अशा नाण्याला इंग्रजीत ‘कॅश’ म्हणतात. हा शब्द तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेला, रोख पैसा या अर्थाचा ‘कॅश’ मात्र मुळात वेगळा.

थांग राजवटीने 621 मध्ये काढलेले ‘खाययुआन थुंगपाओ’ हा या नाण्यांचा नमुना. सुमारे 24 मिलिमीटर व्यास, 4 ग्रॅमच्या आसपास वजन, उंच काठ, पुढे चार अक्षरे आणि मागची बाजू बहुधा कोरी. आपल्याकडची शिवराई ठसा मारून पाडलेली, त्यामुळे पुष्कळदा अर्धा मजकूर तबकडीच्या बाहेर राहतो. ओतीव नाण्यात तसे होत नाही. नीट कोरलेली मातृनाणी बारीक वाळूत दाबून साचा करीत. रस थिजल्यावर फांदीला फळे लगडावीत तशी नाणी एका दांडीला चिकटून निघत. ती तोडून चौकोनी गजावर ओवीत व सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घाशीत. भोक चौकोनी असल्याने नाणी गजावर गरगरत नसत. पुढे त्याच भोकातून दोरी घालून माळ होई. माळ म्हणायला हजाराची, पण सरकारी हिशेबात 770 नाण्यांनाही ती पूर्ण धरीत. युआनफंग या शाही नावाच्या कालखंडात (1078–85) वर्षाला अशा 50 लाखांच्या आसपास माळा ओतल्या गेल्या.

अक्षरांपैकी दोन त्या कालखंडाचे शाही नाव सांगतात, उरलेली दोन ‘चलनी ठेवा’ अशा अर्थाची. ती वर-खाली-उजवी-डावी या क्रमाने किंवा वरून सुरू करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचावी लागतात. सम्राट थायत्सुंगच्या हस्ताक्षरातली नाणी तीन लिपिशैलींत आहेत. ह्वेइत्सुंगच्या (राज्यकाल 1100–1125) ‘ताक्वान’ नाण्यांवर त्याचे स्वतःचे सडपातळ, टोकदार वळण दिसते, आणि देखणेपणात त्यांना तोड नाही. 1180 पासून मागच्या बाजूला वर्षाचा आकडा येऊ लागला. संग्राहकाला त्याहून मोठी सोय दुसरी नाही.

ही नाणी चीनपुरती राहिली नाहीत. जपानने 958 नंतर काही शतके स्वतःची सरकारी नाणी काढलीच नाहीत. बाजार चिनी नाण्यांवर चालला. 1323 मध्ये जपानकडे निघालेले एक जहाज कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडाले, त्यात सुमारे 28 टन नाणी होती. जावातही त्यांचे चलन होते. तंजावर जिल्ह्यात त्यांचे साठे मिळाले, तर 2014 मध्ये कोल्लम बंदराचा गाळ उपसताना चिनी नाणी वर आली.

संग्राहकाची खरी अडचण इथेच सुरू होते. नाव वाचता आले म्हणजे नाणे ओळखले असे नव्हे. नागासाकीत 1659 ते 1685 दरम्यान व्हिएतनामच्या व्यापारासाठी जी नाणी ओतली गेली, त्यांवर सहाशे वर्षांपूर्वीचे ‘युआनफंग’ हेच नाव आहे. व्हिएतनामी नकलाही भरपूर, बहुधा पातळ आणि अक्षरांना पुसट. म्हणून वजन, जाडी, काठाची रुंदी व अक्षराचे वळण आधी पाहावे, नाव मागाहून. साधी सुंग नाणी आजही मुबलक व स्वस्त आहेत. उलट चिंगखांग काळाची (1126) नाणी दुर्मीळ असल्याने त्यांच्या बनावट प्रती निघतात. जमिनीत बसलेला हिरवा थर धातूत मुरलेला असतो. रंगवलेला थर नखाने सुटतो. पितळेच्या भांड्यासारखे चिंच लावून नाणे लखलखीत केले, की ही खूण जाते आणि किंमतही.