वावटळ आणि टोर्नेडो: धुळीचा खांब दिसला की आधी वर बघा

भर दुपारी मोकळ्या मैदानावर धुळीचा खांब उभा राहतो, गरगरत थोडा पुढे सरकतो, पालापाचोळा उंच उडवतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत विरून जातो. कुणीतरी तो मोबाईलवर टिपतं आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ‘टोर्नेडो’ म्हणून सगळीकडे फिरायला लागतो. याच्या उलट चूक मात्र जिवावर बेतू शकते. समोर खरा टोर्नेडो असतो, पण ढगातून खाली येणारी त्याची सोंड अजून नीट दिसत नसते, नुसती जमिनीलगत धूळ फिरताना दिसते, आणि बघणारा ‘वावटळ आहे, जाईल आपोआप’ म्हणत तिथेच थांबतो.

नुसत्या आकारावरून या दोघांत फरक करायला गेलं तर फसगत ठरलेली. दोन्ही म्हणजे वेगाने फिरणारे हवेचे उभे खांब. दोघांच्याही मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, आणि दोन्ही धूळ-कचरा वर ओढतात. फरक आहे तो हे फिरणं कशाच्या जोरावर चालतं यात. वावटळीला बळ मिळतं खालच्या तापलेल्या मातीतून, आणि टोर्नेडोला डोक्यावरच्या वादळी ढगातून. ताकद, आयुष्य, दिवसाची वेळ, धोका हे बाकीचे जवळजवळ सगळे फरक यातूनच निघतात.

आधी वावटळ घेऊ. आकाश निरभ्र, ऊन कडक, वारा मंद आणि जमीन कोरडी, सपाट, उघडी असली की तिला हवं ते सगळं मिळालं. अशा दुपारी मातीचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि डोक्याच्या उंचीवरची हवा मात्र ४० च्या आसपास असते. म्हणजे अवघ्या दोन मीटरांत वीस अंशांचा फरक. जमिनीला चिकटलेली ती तापलेली, हलकी हवा फार वेळ खाली दबून राहू शकत नाही. एखाद्या ठिकाणी ती उसळून वर निघते, तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा धावते, आणि त्या धावत्या हवेत आधीच असलेलं बारीकसं वळण मध्याकडे येता येता आक्रसतं. फिरणारी हवा आक्रसली की तिचा वेग वाढतो. झाली वावटळ तयार.

तिचं आयुष्यही त्या तापलेल्या मातीशीच बांधलेलं. ती ओल्या जमिनीवर गेली, सावलीत शिरली किंवा तिच्या पोटात थंड हवा ओढली गेली की संपली. बहुतेक वावटळी काही मिनिटंच टिकतात. उंची साधारण काही दहा मीटर, वाळवंटात क्वचित हजार मीटरपर्यंत. वाऱ्याचा वेग सहसा ताशी ७० किलोमीटरच्या आतच.

वावटळीला ढग लागत नाही याचा सगळ्यात सुंदर पुरावा मंगळावर आहे. तिथे गडगडाटी पावसाचे ढग नाहीत, त्यामुळे टोर्नेडो नाही. वावटळी मात्र भरपूर, आणि पृथ्वीवरच्या वावटळींना खुज्या ठरवणाऱ्या. २०१२ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेली एक वावटळ सुमारे २० किलोमीटर उंच होती. २७ सप्टेंबर २०२१ रोजी तर एक वावटळ थेट मंगळाच्या जमिनीवर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या अंगावरून गेली. रोव्हरचा मायक्रोफोन नेमका तेव्हा चालू होता, त्यामुळे त्यावर आपटणाऱ्या धूलिकणांचा आवाजही नोंदला गेला. परग्रहावरच्या वावटळीचा आवाज माणसाने ऐकला तो हा पहिलाच. ती वावटळ साधारण २५ मीटर रुंद आणि ११८ मीटर उंच असल्याचं नंतरच्या गणितातून दिसलं.

टोर्नेडो हे प्रकरणच वेगळं. त्याच्यासाठी आधी प्रचंड गडगडाटी ढग लागतो, आणि तीव्र टोर्नेडो बहुतांशी ‘सुपरसेल’ या खास प्रकारच्या ढगातून होतात. जमिनीलगत दमट, उबदार हवा आणि वर कोरडी, थंड हवा असली की वातावरण अस्थिर होतं. त्यात उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत असली, तर मधल्या हवेला आडवी गती मिळते. दोन तळहातांमध्ये पेन्सिल धरून एक हात पुढे सरकवला की ती जशी आडवी फिरते, तशीच. ढगात वर खेचली जाणारी हवा या आडव्या फिरण्याला उभं करते आणि ढगाचा काही किलोमीटर रुंदीचा भागच फिरायला लागतो. याला मेसोसायक्लोन म्हणतात.

पण मेसोसायक्लोन म्हणजे टोर्नेडो नव्हे. बहुतेक मेसोसायक्लोन टोर्नेडो न देताच विरतात. त्यासाठी जमिनीलगतही हवा फिरावी लागते, आणि तिथे ढगाच्या मागच्या बाजूने खाली कोसळणाऱ्या हवेचा मोठा हात असतो. जमिनीजवळची ही फिरणारी हवा ढगात जोराने वर खेचल्या जाणाऱ्या हवेखाली आली की ती वर ताणली जाते, बारीक होते आणि भयंकर वेग घेते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन ढगांपैकी एकच टोर्नेडो का देतो, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सोंड ढगातून खाली उतरताना दिसते खरी, पण वेगाने नोंदी घेणाऱ्या रडारांनी दाखवलंय की जोरदार फिरणं अनेकदा जमिनीजवळच आधी सुरू होतं. सोंड नंतर दिसते, कारण ती म्हणजे दाब घटल्यामुळे हवा थंड होऊन तिच्यातल्या बाष्पाचे झालेले थेंब. हवा कोरडी असली तर सोंड अर्ध्यावरच थांबल्यासारखी दिसते आणि खाली नुसती धूळ गरगरत असते. वावटळ समजून फसण्याची जागा हीच. अशा वेळी धुळीच्या वर काळा, सपाट तळाचा, फिरणारा ढग आहे का, हे बघणं जमिनीकडे टक लावून बसण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

दुसरी फसवी वेळ टोर्नेडोच्या शेवटाची. विरता विरता तो दोरीसारखा बारीक आणि वाकडातिकडा होतो. मग वाटतं, ताकद संपली. पण त्या बारीक दोरीतही घर उद्ध्वस्त करण्याइतका वारा असू शकतो.

आत नेमकं काय चालतं, याची एक नोंद मला फार मोलाची वाटते. टिम समारस या अमेरिकन संशोधकाने शंकूच्या आकाराचं, जमिनीला घट्ट चिकटून राहणारं एक उपकरण बनवलं होतं. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर या छोट्या वस्तीजवळ त्याने ते टोर्नेडोच्या वाटेत ठेवलं आणि तिथून पळ काढला. टोर्नेडो उपकरणावरून गेला तेव्हा हवेचा दाब काही क्षणांत १०० हेक्टोपास्कलने घसरला. एक किलोमीटर उंच चढून गेल्यावर दाब जेवढा कमी होतो, तेवढा. वावटळीत हीच घट जेमतेम काही हेक्टोपास्कल असते. दोघांमधलं अंतर या एका आकड्यात जितकं कळतं तितकं कुठल्याही फोटोत कळत नाही.

समारस अत्यंत सावध माणूस म्हणून ओळखला जायचा. तरीही ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग टोर्नेडोत सापडून मरण पावले. तो टोर्नेडो बघता बघता ४.२ किलोमीटर रुंद झाला होता आणि त्याने दिशा व वेग दोन्ही बदलले होते. रडारने त्यात अतिप्रचंड वेग मोजला, पण अधिकृत श्रेणी मिळाली ती ईएफ-३. कारण २००७ पासून अमेरिकेत वापरात असलेली सुधारित फुजिता श्रेणी, म्हणजे ईएफ-० ते ईएफ-५, प्रत्यक्ष वारा मोजून नव्हे, तर झालेल्या नुकसानीवरून ठरते. मोकळ्या रानातून गेलेल्या टोर्नेडोला मोडायला फारसं काही मिळत नाही, म्हणून त्याची श्रेणी कमी राहते. सर्वोच्च श्रेणी सुरू होते ताशी ३२२ किलोमीटरच्या पुढे. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातच एका टोर्नेडोत गाडीवर बसवलेल्या रडारने ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेग मोजला होता.

बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत संपतात. पण १८ मार्च १९२५ चा टोर्नेडो मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना अशा तीन राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर गेला आणि ६९५ माणसं दगावली. आणि टोर्नेडो ही काही फक्त अमेरिकेची आपत्ती नाही. आजवरचा सर्वांत प्राणघातक मानला जाणारा टोर्नेडो बांगलादेशातला आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी मानिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० लोक मृत्युमुखी पडले.

फिरण्याची दिशाही थोडं सांगून जाते. उत्तर गोलार्धात टोर्नेडो बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात, वावटळी मात्र दोन्हीकडे सारख्याच.

निसर्ग अर्थात इतक्या काटेकोर रेषा आखत नाही. ‘लँडस्पाउट’ नावाचा टोर्नेडो सुपरसेलशिवाय होतो. जमिनीलगतचं फिरणं वर वाढणाऱ्या साध्या ढगाखाली सापडतं आणि ताणलं जातं. दिसतो तो वावटळीसारखा, पण वर ढगाला जोडलेला असतो, म्हणून त्याची गणना टोर्नेडोत होते. आगीवरही वावटळी उठतात. २६ जुलै २०१८ रोजी कॅलिफोर्नियात रेडिंगजवळ वणव्यात उठलेल्या एकीचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास असल्याचा अंदाज नुकसानीवरून बांधला गेला. तिच्यावर धुराचा अजस्र ढगही उभा होता, त्यामुळे तिला कुठल्या खान्यात टाकायचं यावर खुद्द हवामानतज्ज्ञही चर्चा करतात.

वावटळ टोर्नेडो नाही म्हणून ती निरुपद्रवीच, असंही समजू नये. डिसेंबर २०२१ मध्ये टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला वावटळीने मुलांचा हवेने फुगवलेला खेळण्याचा किल्ला उचलला आणि सहा मुलांचा जीव गेला. तंबू, पत्रे, फुगवलेली खेळणी, हलकी विमानं यांना वावटळ पुरेशी असते. ती येताना दिसली तर तिच्या वाटेतून बाजूला व्हावं, डोळे झाकावेत आणि मुलांना अशा खेळण्यांतून लगेच बाहेर काढावं.

टोर्नेडोच्या बाबतीत नुसतं बाजूला होणं पुरत नाही. तळघर असेल तर तळघर, नाहीतर पक्क्या इमारतीच्या सगळ्यात खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची आतली खोली. डोकं आणि मान झाकायची, कारण बहुतेक जीव उडत्या वस्तूंमुळे जातात. दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडायला धावू नये. त्याचा काही उपयोग नाही, वेळ मात्र जातो. पुलाखाली थांबणंही वाईट, तिथे वारा अरुंद जागेतून आणखी जोराने येतो. आणि दूरवरचा टोर्नेडो डावी-उजवीकडे न सरकता एकाच जागी उभा असल्यासारखा दिसत असेल आणि हळूहळू रुंद होत असेल, तर तो थांबलेला नाही. तो सरळ तुमच्याच दिशेने येतोय, तेव्हा फोन खाली ठेवा आणि आत जा.