युन इनाची तीन वर्षं, त्यातली दीड: पार्श्वभूमी

दक्षिण कोरियाची गोल्फपटू युन इना अमेरिकेत चांगली खेळली की कोरियातल्या बातमीत दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात २०२२ साल, म्हणजे चुकीच्या चेंडूच्या प्रकरणावरून तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली ते साल, हमखास येतं. कट हुकला, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर मागे पडून ती स्पर्धेबाहेर गेली, तरी येतं. कोरियन महिला गोल्फचं कौतुक आपल्याकडे बहुतेक से-री पाकच्या १९९८ च्या अमेरिकन ओपन विजेतेपदापासून सुरू होतं. आर्थिक संकटात सापडलेला देश, बूट-मोजे काढून पाण्यात उतरून मारलेला फटका आणि ते बघून क्लब हातात घेतलेली मुलींची पिढी, हे सगळं खरं आहे. पण युनचं प्रकरण समजायला ते फारसं उपयोगी नाही. ती जन्मलीच २००३ मध्ये. तिच्या वेळेपर्यंत घरचा टूर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची वर्षभराची मालिका, इतका श्रीमंत झाला होता की नाव कमवायला अमेरिकेला जाण्याची सक्ती उरली नव्हती. प्रायोजक, थेट प्रक्षेपण, एकेका खेळाडूचे चाहता-संघ, सगळं घरीच होतं.

२०२१ मध्ये तिने दुय्यम टूरवर वर्षभरातली सर्वाधिक कमाई केली आणि २०२२ मध्ये मुख्य टूरवर आली. तिथे सगळ्यांत आधी नजरेत भरला तिचा लांब फटका. ड्राइव्हची सरासरी २६० यार्डांच्या पुढे. प्रेक्षक तिच्या मागे फिरू लागले. सगळं इथवर सरळ चाललं होतं.

जून २०२२, कोरिया महिला ओपन, पहिला दिवस, पंधरावा होल. टी शॉट, म्हणजे होलची सुरुवात करणारा फटका, उजवीकडे दाट गवतात गेला. शोधाशोध झाली, एक चेंडू सापडला, तो तिने मारला. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचल्यावर लक्षात आलं की चेंडू आपला नाही. हे तिथेच का लक्षात येतं, तर ग्रीनवर खूण ठेवून चेंडू उचलता येतो, पुसता येतो, त्यावरचा आकडा आणि पेनाने केलेली स्वतःची खूण दिसते. गवतात अर्धा बुडालेला चेंडू असा फिरवून बघायचा असेल तर आधी त्याची जागा नोंदवावी लागते. ते तिथे झालं नसावं किंवा घाईत झालं.

चुकीचा चेंडू मारणं हा गोल्फमध्ये गुन्हा नव्हे. दोन फटक्यांचा दंड घ्यायचा, मागे जाऊन चूक दुरुस्त करायची, पुढे चालू लागायचं. खरा चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही तर तो हरवला धरून आणखी एक दंड. स्कोअर बिघडतो, इतकंच. अट एकच: पुढच्या होलचा पहिला फटका मारायच्या आत हे करायचं. नाही केलं तर बाद. युनने नाही केलं. तो होल तिने त्याच चेंडूने संपवला, पुढच्या टीवर गेली, संध्याकाळी स्कोअरकार्डावर सही केली आणि दुसऱ्या दिवशीही खेळली. कट हुकला, त्यामुळे त्या स्पर्धेत कुणाचं बक्षीस तिच्याकडे गेलं असंही म्हणता येत नाही.

ती गप्प राहिली सुमारे महिनाभर. कळवलं १५ जुलैला, शुक्रवारी. त्याच आठवड्यात ती दुसऱ्या एका स्पर्धेत खेळत होती आणि रविवारी, १७ तारखेला, तिने ती स्पर्धा जिंकली. मुख्य टूरवरचं पहिलं विजेतेपद, फोटो, फुलं. २५ जुलैला जाहीर माफी मागून तिने खेळणं थांबवलं. हा क्रम तारखांसकट देण्याचं कारण असं की पुढचा सगळा वाद याच पट्ट्यात अडकलेला आहे. तिच्या बाजूचे म्हणतात, तिने स्वतःहून सांगितलं. विरुद्ध बाजूचे म्हणतात, तोवर खेळाडू आणि कॅडींमध्ये (खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस) कुजबुज सुरू झाली होती, सांगितलं नसतं तरी बाहेर आलंच असतं. ग्रीनवर त्या क्षणी कोण काय म्हणालं, तिला पुढे खेळ असा सल्ला कुणी दिला का, यावरही वेगवेगळ्या तोंडांनी वेगवेगळं सांगितलं गेलं. ती तेव्हा १९ वर्षांची होती, हेही खरं.

आता बंदीकडे. इथे बऱ्याच लेखांत गल्लत होते, कारण बंद्या दोन होत्या. कोरिया ओपन भरवणारी राष्ट्रीय गोल्फ संघटना वेगळी, व्यावसायिक महिलांचा टूर चालवणारी संघटना वेगळी. पहिलीने १९ ऑगस्ट २०२२ ला तीन वर्षांची बंदी घातली, ती संघटनेच्या स्वतःच्या स्पर्धांपुरती. दुसरीने महिनाभराने, २० सप्टेंबरला, तितकीच बंदी टूरवर घातली. रोजीरोटी बंद झाली ती या दुसऱ्या बंदीने. आणि यातली एकही बंदी गोल्फच्या नियमपुस्तकातून आलेली नाही. नियमपुस्तक जास्तीत जास्त स्पर्धेतून बाद करू शकतं, ते झालंच. तीन वर्षं आली संघटनांच्या शिस्तभंगाच्या कलमांतून, आणि तिथे मोजमाप ठरलेलं नसतं.

मोजमाप नसलं की तुलना सुरू होते. २०१९ मध्ये एका कोरियन पुरुष खेळाडूने शेवटच्या फेरीत, मोबाइलच्या आवाजाने फटका बिघडला म्हणून, प्रेक्षकांकडे वळून मधलं बोट दाखवलं. ती स्पर्धा त्याने जिंकली. त्याच्या संघटनेने तीन वर्षांची बंदी घातली आणि त्याच महिन्यात ती एक वर्षावर आणली. म्हणजे तीन वर्षं हा आकडा कोरियात आधीही उच्चारला गेला होता आणि आधीही मागे घेतला गेला होता. युनच्या चाहत्यांनी हे उदाहरण वापरलं नसतं तरच नवल.

मला जास्त जवळचं वाटणारं उदाहरण वेगळं आहे. एप्रिल २०१७, महिलांची एक मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या मोजक्या स्पर्धांपैकी एक. अमेरिकेची एक खेळाडू रविवारी आघाडीवर असताना तिला चार फटक्यांचा दंड सांगण्यात आला, कारण आदल्या दिवशी तिने चेंडू उचलून परत ठेवताना जागा किंचित चुकवली होती आणि ती चूक टीव्ही बघणाऱ्या एका प्रेक्षकाने ईमेलने कळवली होती. बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये ती हरली, जिंकणारी कोरियन होती. त्यानंतर आरडाओरड इतकी झाली की २०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणंच बंद झालं. तिथे खेळाडूला आपली चूक माहीत नव्हती असं धरून सगळ्यांनी तिची बाजू घेतली. युनच्या बाबतीत ग्रीनवरच चूक कळली होती. म्हणून इंच-दोन इंचांच्या त्या चुकीशी तिची तुलना करणारे मुद्दा चुकवतात, असं माझं मत आहे. चेंडू चुकणं क्षम्य होतं. महिनाभराच्या गप्प बसण्याला किती वर्षं, हा प्रश्न होता.

राष्ट्रीय संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये बंदी निम्मी केली, तेव्हा कारणं काय दिली? माफीसाठी आलेले पाच हजारांवर अर्ज, पन्नासेक तासांची समाजसेवा, अमेरिकेतल्या छोट्या टूरवरच्या तेरा स्पर्धांत मिळालेली बक्षिसाची रक्कम दान केली हे, आणि शिक्षा निमूट स्वीकारली हे. अर्ज चाहत्यांचे, दान पैशांचं, सेवा समाजाची. यातल्या कशाचाही पंधराव्या होलशी संबंध नाही. शिक्षा कमी करायला माझी हरकत नाही, तीन वर्षं विशीच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला फारच होती. पण मग तीन वर्षं जास्त होती असं स्वच्छ म्हणायचं होतं. त्याऐवजी चांगल्या वागणुकीचा हिशेब मांडला, आणि लोकांनी त्यातून अर्थ काढायचा तो काढलाच: तिच्यामागे गर्दी आहे म्हणून सुटली. टूरच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये तेच केलं. सहकारी खेळाडूंमधली नाराजी तेव्हा लपून राहिली नव्हती. तिच्या मुख्य प्रायोजकाने मात्र या सगळ्या काळात हात सोडला नव्हता.

बंदी मार्चच्या मध्यात संपली आणि एप्रिलमध्ये ती जेजू बेटावर परतली. पहिल्या टीवर फटक्याआधी तिने प्रेक्षकांना कमरेत वाकून अभिवादन केलं. त्या स्पर्धेत संयुक्त ३४ वी. ऑगस्टमध्ये जेजूवरच जिंकली. त्या वर्षी विजेतेपद एकच, तर तीन-तीन स्पर्धा जिंकणाऱ्या पाच जणी होत्या. तरी पहिल्या दहांत चौदा वेळा येऊन तिने वर्षाची सर्वोत्तम खेळाडू, सर्वाधिक कमाई (सुमारे १२१ कोटी वॉन) आणि फटक्यांची सर्वांत कमी सरासरी, असे तिन्ही मान घेतले. सातत्य म्हणतात ते हे.

आणि लगेच डिसेंबरमध्ये अलाबामात जाऊन एलपीजीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या मुख्य टूरच्या, पात्रता फेरीत आठवी आली, तिथे खेळण्याचं कार्ड मिळवलं. घरच्या टूरने शिक्षा अर्धी केली आणि ही एका मोसमात निघून गेली, ही तक्रार तेव्हा उठली ती अजून शमलेली नाही. मला ती पटत नाही, कारण बंदी कमी करताना इथेच राहायचं अशी अट कुणी घातली नव्हती. २०२५ अमेरिकेत जड गेलं. पहिल्याच स्पर्धेत कट हुकला, पुढेही अनेकदा हुकला. मधेच अमेरिकन ओपनमध्ये ती संयुक्त १४ वी आली.

कागदावर बघायचं तर मूळ बंदी टिकली असती तर टूर तिच्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये उघडला असता. पात्रता फेरीच्या अंतिम टप्प्यात तिला थेट प्रवेश मिळाला तो जागतिक क्रमवारीच्या जोरावर, आणि ती क्रमवारी २०२४ च्या मोसमात कमावलेली. तिन्ही मान, एलपीजीएचं कार्ड, अमेरिकन ओपनचा तो आठवडा, हे सगळं माफ झालेल्या दीड वर्षातलं आहे.