घडी, पदर आणि अतिव्याप्ती : पार्श्वभूमी

'फोल्ड' आणि 'ओव्हरलॅप' हे शब्द देवनागरीत लिहून मोकळे होण्याची गोव्यातील मराठी लेखनाची सवय मुख्यतः 1961 नंतरची आहे. त्याआधी काही इंग्रजी शाळा आणि मुंबईशी संबंध असलेली घरे सोडल्यास शिकलेल्यांच्या कानावर पोर्तुगीज 'दोब्रार' होता, आणि घरात तर घडी, दुमड, निरी, चुणी, वळी अशी नेमकी नावे होतीच. चतुर्थीच्या नेवरीच्या कडेला बोटाच्या चिमटीने घालतात ती मुरड. तिच्यात दुमडणे आणि एका वळीवर दुसरी वळी चढणे एकदमच घडते, आणि त्या कृतीला इंग्रजीचा कोणताही एक शब्द पुरत नाही.

इंग्रजीतील 'फोल्ड' जुना, जर्मानिक कुळातील. 'प्लीट', 'प्लाय' आणि 'कॉम्प्लिकेट' मात्र लॅटिन 'प्लिकारे' म्हणजे दुमडणे यावरून आले. 'टूफोल्ड'मधील घडीचे काम आपल्याकडे दुप्पटीतला 'पट' करतो.

खरा गुंता 'ओव्हरलॅप'चा आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापराची वाट राहिली, तेव्हा मराठी मसुदा करणाऱ्यांच्या हाताशी महाराष्ट्रात घडलेली परिभाषा होती. भाषांतरांत 'परस्परव्याप्ती', 'अधिव्यापन' आणि 'अतिव्याप्ती' हे शब्द दिसतात. पैकी शेवटचा सरळसरळ दिशाभूल करणारा आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, अतिव्याप्ती हा व्याख्येचा दोष असतो : गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी असे म्हटले की म्हैसही गाय ठरते. त्यामुळे 'दोन खात्यांच्या अधिकारांची अतिव्याप्ती' असे लिहिल्यावर दोघांनीही मर्यादा ओलांडल्याचा आरोप होतो, जेव्हा मुळात सांगायचे असते ते एवढेच की काही विषय दोघांच्याही कक्षेत येतात. 'परस्परव्याप्ती' अर्थाने बरोबर, पण तोंडात बसत नाही.

गंमत अशी की 'लॅप' म्हणजे मुळात वस्त्राचा लोंबता भाग, आपला पदरच. मांडीचा अर्थ मागाहून आला. पदरावर पदर येणे हे इतके जवळ असताना परिभाषेने न्यायशास्त्रापर्यंत जावे, हे अनाकलनीय आहे.

'इम्ब्रिकेट' हा विद्वानांचा पर्याय तर थेट छपरावरचा. 'इम्ब्रेक्स' म्हणजे रोमन लोकांचे सांधा झाकणारे अर्धगोल कौल, आणि त्याच्या मुळाशी पाऊस या अर्थाचा 'इम्बेर' आहे. गोव्यातील जुन्या घरांवरचे नळे याच तत्त्वाने बसतात : एक ओळ उताणी, दुसरी तिच्या सांध्यांवर पालथी. 1865 मध्ये मंगळुरात एका मिशनने सुरू केलेल्या कारखान्यातून सपाट, खाचांची कौले आली आणि पुढे ती गोव्याच्या छपरांवरही चढली. तीही एकमेकांवर येतात, पण खाचेत अडकून. पावसाळ्याआधी घर शाकारणारा माणूस या दोन रचनांना एकच शब्द लावत नाही : नळा चढवतो आणि कौल अडकवतो.