बाल्टोचा खरा रंग

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खडकावर उभा असलेला बाल्टो या कुत्र्याचा कांस्यपुतळा जवळून पाहिला, की त्याचे दोन रंग डोळ्यांत भरतात. बहुतेक अंग काळपट तपकिरी. पाठ आणि कान मात्र सोन्यासारखे लखलखीत. तांबे आणि कथील यांच्या या मिश्रधातूवर गडद थर चढतो, पण गेली शंभर वर्षे मुले या पाठीवर चढून बसत आल्यामुळे तेथे तो टिकतच नाही. फ्रेडरिक रॉथ यांनी घडवलेल्या या पुतळ्याचे डिसेंबर १९२५ मध्ये अनावरण झाले, तेव्हा बाल्टो स्वतः तेथे हजर होता.

त्याच वर्षी जानेवारीत अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ सुरू झाली. या रोगाचे जिवाणू घशात राहून जे विष सोडतात, ते पेशींमधील प्रथिननिर्मितीच बंद पाडते. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष निकामी करते. पेशीत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणूनच तेथे एकेका दिवसाला प्राणाचे मोल होते. बंदर गोठलेले, रेल्वे नेनाना या गावापर्यंतच. तेथून पुढचे नोमपर्यंतचे सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर हे प्रतिविष घेऊन, बर्फावरून ओढायच्या कुत्रागाड्यांचे २० चालक आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी आळीपाळीने साडेपाच दिवसांत कापले.

शेवटच्या टप्प्यात हिमवादळ इतके दाट होते, की चालक गनार कासेन यांना स्वतःच्या गाडीला जुंपलेले कुत्रेही दिसेनासे झाले. अशा वेळी म्होरक्या कुत्रा पंजाखालचा दबलेला बर्फ आणि वास यांवरून वाट ओळखतो. कासेन यांचा म्होरक्या बाल्टोने ती सोडली नाही आणि २ फेब्रुवारीच्या पहाटे औषध नोमला पोहोचले. सर्वांत खडतर वाटचाल मात्र लिओनार्ड सेप्पाला या दुसऱ्या चालकाच्या टोगो या कुत्र्याची होती. बारा वर्षांचा हा कुत्रा औषध घ्यायला जाणे आणि घेऊन येणे धरून सुमारे ४२० किलोमीटर धावला. पुतळ्याखालचा लेख एकट्या बाल्टोला नव्हे, तर त्या सर्व कुत्र्यांना अर्पण केलेला आहे, हे मला फार योग्य वाटते.

बाल्टो १९३३ मध्ये गेला. लहानपणीच खच्चीकरण झाल्यामुळे त्याचा वंश पुढे चालला नाही, पण पेंढा भरून जतन केलेले त्याचे शरीर क्लीव्हलंडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. त्याच्या पोटाकडील कातडीचा इवलासा तुकडा घेऊन शास्त्रज्ञांनी त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या शुद्ध जातींच्या कुत्र्यांपेक्षा त्याच्यात जनुकीय विविधता अधिक होती आणि लांडग्यांपेक्षा पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमताही. उंची खांद्यापर्यंत सुमारे ५५ सेंटिमीटर असावी, असा अंदाज त्यांनी जनुकांवरूनच बांधला. संग्रहालयातील त्याचे केस प्रकाशाने विटून तांबूस तपकिरी झाले आहेत. जनुकांनी सांगितलेला रंग मात्र काळा, मधूनच पांढऱ्या ठिपक्यांचा, जुन्या छायाचित्रांत दिसतो तसाच.