निसण्यावरचा वस्तरा

आठवडी बाजाराच्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली एक लाकडी खुर्ची, खोडाला खिळ्यावर टांगलेला आरसा आणि मान मागे टाकून बसलेलं गिऱ्हाईक. वर्धा-यवतमाळकडच्या गावांत हे अजून दिसतं. न्हावी ब्लेडची पुडी काढतो आणि कागदासकट ब्लेड मधोमध वाकवतो. कट् आवाज होतो. अर्धं पातं खाचेत सरकवतो, उरलेलं अर्धं कागदात गुंडाळून पुढच्यासाठी ठेवतो. या खाचेच्या हत्यारालाही तो वस्तराच म्हणतो, पण त्याला स्वतःची धार नाही. ती दुकानातून पुडीत येते.

वस्तऱ्याला धार होती तेव्हा ती रोज राखावी लागायची, आणि न्हाव्याची निम्मी विद्या त्या राखण्यात होती. दाढी करणारे हात गावोगाव आहेत. वस्तरा पाजवणारे, म्हणजे त्याला धार लावणारे, हात मात्र पुष्कळ हुडकावे लागतात.

ही विद्या किती जुनी? ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात एक ऋषी देवाला विनवतो, आम्हाला क्षुरासारखं, म्हणजे वस्तऱ्यासारखं, पाजव. कठोपनिषदातली 'क्षुरस्य धारा' सगळ्यांना पाठ असते, तिच्यापुढचा 'निशिता' हा शब्द मात्र कुणी थांबून बघत नाही. निशिता म्हणजे पाजवलेली. आपला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, त्याच कुळातला. उपमा सुचायला आधी कुणीतरी रोज समोर बसून वस्तरा घासत असला पाहिजे.

विदर्भाकडे लोखंडाचा पुरावा तर थेट मातीतून निघालेला आहे. नागपूरजवळ माहुरझरी आणि टाकळघाट-खापा इथली शिळावर्तुळं, म्हणजे दगडांच्या वर्तुळातली प्राचीन दफनं, पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकरली, तेव्हा खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या यांच्यासोबत नखं काढायची हत्यारंही मिळाली. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. हे सगळं अडीच हजार वर्षांपलीकडचं. न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी जी नराणी असायची, तिची ही पूर्वज म्हणायला हरकत नाही.

बलुत्याच्या काळात न्हाव्याला कुठे म्हाली म्हणत, कुठे वारीक. दाढी-डोईचे रोख पैसे नसत, खळ्यावर जवारी मिळायची. पूर्वेकडे भंडाऱ्याच्या बाजूला धान. त्या बदल्यात वर्षभराच्या दाढ्या, लेकराचं जाऊळ, नवरदेवाची हजामत, दहाव्याची डोई, वर गळू फोडणं आणि मालिशही. जाऊळ काढताना खरी परीक्षा व्हायची. वर्षाच्या लेकराची टाळू, लेकरू रडून मान हलवतंय, आणि भोवती आत्या-मावश्यांचा पहारा. बोथट वस्तरा तिथे चालतच नाही, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि कापतो तो जोर.

सेना न्हावी यांच्या 'आम्ही वारीक वारीक' या अभंगात विवेकाचा आरसा येतो, वैराग्याचा चिमटा येतो, पाण्याने डोई घोळणं येतं, नखं काढणंही येतं. वस्तऱ्याचं नाव मात्र येत नाही. का, ते सेना महाराजांनाच ठाऊक.

आणि वस्तरा खाली ठेवण्याचाही एक इतिहास आहे. १८९० साली सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं तिथे ठरलं. ज्याच्या हातात हत्यार त्यानेच नाही म्हणायचं, हा संप मला फार मोठा वाटतो.

हत्याराकडे वळू. जुना देशी वस्तरा गावचा लोहार घडवायचा. जाड पाठीचा, पाचरीसारखा. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, वऱ्हाडचा कापूस बाहेर जाऊ लागला आणि विलायती माल आत येऊ लागला. वस्तऱ्यांत नाव होतं इंग्लंडच्या शेफील्डचं आणि जर्मनीच्या झोलिंगनचं. शेफील्डचं नाव उभं होतं १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची जी रीत बसवली तिच्यावर. पुढे एकोणिसाव्या शतकात दोन्ही बाजू कोरून पातळ केलेली पाती आली. अशा पात्याची धार जाड पाचरीपेक्षा लवकर लागते, कारण घासायचं पोलादच कमी.

माझ्या आज्याच्या पेटीत असाच एक वस्तरा निघाला. हाडाची मूठ, पात्यावर गंजाचे चार ठिपके. मी उत्साहात तो सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे नेला. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं, आणि टोकाकडचं पोलाद निळं पडलं. पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, जो कडकपणा येतो, तो निळा रंग येईपर्यंत तापलं की उतरतो. मग तिथली धार टिकत नाही.

गावात दादाजी म्हणून एक म्हातारे न्हावी आहेत, दुकान कधीच मुलाकडे दिलेलं. त्यांनी वस्तरा उन्हात धरून पाहिला.

"चाकावर कायले नेला बापू? चाक विळ्याचं हाय."

निळ्या भागावर अंगठा ठेवून म्हणाले, "हे अर्धं बोट गेलं. बाकीचं वाचते."

साण, सहाण आणि निसणा, हे तीन शब्द आपण सैल वापरतो. सहाण चंदन उगाळायची, निसणा धार लावायचा सपाट दगड, आणि साण म्हणजे फिरतं चाक, शिकलगाराचं. जुन्या पद्धतीत कुरुंद या फार कठीण खनिजाची भुकटी लाखेत कालवून ते बनवत. कुरुंद भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याकडे मिळतो. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही दक्षिण भारतातल्या भाषांमधूनच तिकडे गेला. आज शहरातले हौशी लोक वस्तऱ्यासाठी जे पांढरे कृत्रिम दगड महागात मागवतात, त्यांतल्या बहुतेकांत हेच द्रव्य असतं, फक्त दाणा मोजून घेतलेला. वस्तऱ्याला मात्र चाक नको, सपाट आणि बारीक दाण्याचा दगड हवा. आपला काळा पाषाण विळ्या-कोयत्याला ठीक, वस्तऱ्याची धार त्यावर करवतीसारखी होते.

दादाजींचा दगड साबणाच्या वडीएवढा, काळपट, स्लेटीसारखा गुळगुळीत. आधी त्यांनी तो दुसऱ्या दगडावर पाण्याने घासून सपाट केला, कारण मधे खळगा पडलेला दगड धार वाकडी करतो. मग माझ्या हातात वस्तरा दिला.

वस्तऱ्याची रचनाच अशी आहे की पातं आडवं ठेवलं तर जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात. कोन हाताने सांभाळायचा नसतो, तो पाठीने ठरवलेला असतो, दोन्ही बाजू मिळून साधारण सोळा-सतरा अंश. पाठ उचलली की संपलं. दगडावर पातं धार पुढे करून चालतं, जणू वरचा पातळ पापुद्रा काढायचाय. टोकाला पोचलं की पाठीवर उलटवायचं आणि परत. धारेवर उलटवलं तर एका फेरीत तासाभराची मेहनत वाया.

मी दाबत होतो. सगळेच दाबतात म्हणे.

"जोर नोको लावू. वस्तऱ्याच्या वजनानंच जाऊ दे त्याले."

जोराने कडेला पोलादाची बारीक तार उभी राहते. ती बोटाला धारेसारखी लागते आणि गालावर पहिल्याच ओढीत मोडते. हलक्या हाताने पाणी घालत गेलं की दगडाचा आवाज बदलतो. आधी खरखर, मग रेशमी कापड ओढल्यासारखा. दादाजी माझ्याकडे बघतही नव्हते, भिंतीला टेकून फक्त ऐकत होते.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. इथे उलटं. पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टाच चिरतो. दगड पोलाद झिजवतो, पट्टा झिजवत नाही, वळलेली धार सरळ करतो. म्हणून दगड महिना-दोन महिन्यांनी आणि पट्टा प्रत्येक दाढीआधी. शेवटी पात्याला खोबरेलाचं बोट, नाहीतर आपल्या पावसाळ्यात चार दिवसांत गंज.

पाण्याचंही तसंच. जुने न्हावी साबण न लावता वाटीतल्या पाण्याने बराच वेळ दाढी चोळत बसत. गिऱ्हाइकाला तो वेळकाढूपणा वाटे, पण पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ पडतो आणि निम्म्या कष्टात कापला जातो.

ही सगळी यातायात किंग कॅम्प जिलेटने संपवली. त्याची कंपनी १९०१ ची, पेटंट १९०४ चं. धार बोथट झाली की पातंच फेका, ही कल्पना. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड घेतले, आणि घरी परतलेल्या सैनिकांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली. आपल्याकडे हे सावकाश आलं. १९६० च्या दशकात जगभर स्टेनलेस ब्लेड आले, पुढे किराणा दुकानांतून टोपाझ-पनामाच्या पुड्या टांगलेल्या दिसू लागल्या. घरी दाढी होऊ लागली, बलुतं रोखीवर गेलं, पण खेड्यातला न्हावी त्यानंतरही बरीच वर्षं आपला जुना वस्तरा पट्ट्यावर फिरवत होता.

त्याच्या हातातून तो सुटला तो ब्लेडच्या सोयीने नव्हे, भीतीने. १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीचे भारतातले पहिले रुग्ण आढळले, १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना उभी राहिली आणि प्रचार खेड्यापर्यंत पोचला. 'नवीन ब्लेड वापरा' अशी पाटी आरशाशेजारी लागली. गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी पुडी फोडताना बघायचं. एकच पातं दहा गालांवर फिरवणं वाईटच, काविळीचा धोका तर त्याहून आधीचा. त्यामुळे या बदलाबद्दल मला हळहळ नाही. पण दुकानात अर्धं ब्लेड आलं तसा निसणा घरी गेला, आणि बापाकडून मुलाकडे दाढीचा हात आला, पाजवण्याचा आला नाही. दादाजींच्या मुलाने तो दगड आयुष्यात एकदाच वापरला, कांदे कापायच्या सुरीवर.

मी सव्वा महिना घासला. दर रविवारी दादाजी वस्तरा मनगटावरच्या पांढऱ्या लवेवरून फिरवायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. सहाव्या रविवारी लव उडाली. गाल आता त्याच वस्तऱ्याने होतात. नाकाखाली, मिशीच्या कोपऱ्यात मात्र टोकच लागतं, आणि टोकाकडचं ते अर्धं बोट अजून धार धरत नाही. तेवढ्यापुरतं मीही पुडी फोडतो, ब्लेड मधोमध मोडतो.