दोन गिरण्या आणि एक गोधडी

माझं गोधड्यांचं काम बघून मुंबईत पहिला प्रश्न ठरलेला, जेजेची, म्हणजे जे. जे. कला महाविद्यालयाची का तू? नाही बाबा, जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या कापसाच्या शेतातली. मग म्हणतात, अच्छा, आजीने शिकवलं असणार, किती छान, आणि विषय संपतो. तो तिथेच संपू नये म्हणून हे थोडं मागचं.

खरं सांगायचं तर आजीने काहीच शिकवलं नाही. दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला गेलं की कमरेला ओटी बांधून तिच्या शेजारची ओळ धरायची, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडायची, तोवर ती दोन्ही हातांनी वेचत कुठल्या कुठे पुढे. रात्री जेवणं आटोपली की तेच हात सुईवर. जुनी लुगडी एकावर एक अंथरून कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत. खडू नाही, पट्टी नाही. आणि कुठे चुकलंच तर वर ठिगळ असं लावायची की ते आधीपासून ठरवलेलंच होतं असं वाटावं. (ही युक्ती मी आजही क्लायंटसमोर वापरते.)

आमच्या कापसाचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. इथे पहिली कापड गिरणी काढायची कंपनी 1854 ला निघाली, मग 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. पुढे गिरणगाव वाढलं, गावोगावचे पुरुष इकडे आले, बायका शेतात राहिल्या. म्हणजे कापूस गावातून जायचा, लुगडं होऊन परत यायचा, विरला की गोधडी. आता याला सस्टेनेबल म्हणतात, आजी म्हणायची टाकवत नाही.

दुसरी गिरणी पिठाची. ती गावात आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायकांचे हात सुटले हे चांगलंच झालं, पहाटे उठून दळणाऱ्या बाईला ओवीची हौस असायची असं समजणाऱ्याने एकदा पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण ओवीही गेली, आणि ती केवढी जुनी! चालुक्य राजा सोमेश्वराच्या 1129 च्या संस्कृत ग्रंथात लिहिलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात.

गेली तशी थोडी उरलीही, पण कशी उरली ते बघा. बहिणाबाई चौधरी आमच्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या, 1880 चा जन्म, लिहिता वाचता येत नव्हतं, शेतात घरात राबताना गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव कवी, त्यांच्या घरात ती लिहून ठेवली गेली, अत्र्यांनी उचलून धरली, आणि पुस्तक मुंबईत 1952 ला आलं. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरमध्येच गेल्या होत्या.

वारलीचंही तसंच. लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा तो सवाशिणींनी, ते बायकांचंच काम. 1970 नंतर जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणली, जगभर पोचवली, 2011 ला पद्मश्री मिळाली. माणूस अस्सल कलावंत, त्यात वादच नाही. पण त्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला माहितीये का?

आणि मी काही वेगळं करतेय असं नाही, मीही तिकडचं उचलून इकडे आणणारीच. मागच्या प्रदर्शनात पणजीच्या हातची एक जुनी गोधडी लावली, लेबलसाठी नाव हवं होतं. घरचा जुना सातबारा काढला, सगळी पुरुषांची नावं. काकांना फोन केला तर म्हणाले, अगं सगळे तिला मायच म्हणायचे.

लेबलवर तेच छापलं, माय, तालुका यावल. एका बाईने विचारलं, हे यांचं टोपणनाव का?